एक सोडून एक पायरी

अंबड, १६ जुलै २०२४, मंगळवार

काल जालन्याला जाऊन आलो. उपाशीपोटी साखर दोनशे अडुसष्ट. डॉक्टर सुमेधा मॅडम वयाने आमच्या लेकीएवढ्या, अर्पिताएवढ्या असतील, पण बोलायला लागल्या की समोरच्याला आपोआप नीट बसावंसं वाटतं. गोळ्या लिहून दिल्या, भात-बटाटा कमी करायला सांगितला, आणि म्हणाल्या, "काका, रोज पाऊण तास चाला. किती चाललात, कसं वाटलं, ते वहीत लिहा. आणि पायांना जपा. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. रोज संध्याकाळी तळपाय बघायचे."

म्हणून ही वही. तीस वर्षं मी कोर्टासमोर बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. 'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे माझी बोटं झोपेतसुद्धा टाइप करतील. स्वतःच्या वतीने मात्र आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

तर सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला भीती वाटते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हीच साखर होती. पायाला फोड आला, तो काळा पडला, आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. पुढची अकरा वर्षं पुंजाराम नावाचा तो उंचापुरा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिला. मला माझे दोन्ही पाय मरेपर्यंत हवेत. दुसरं काही मागणं नाही.

१८ जुलै, गुरुवार

पहाटे साडेपाचला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर गेलो. जन्म या गावात गेला, पण वर जाणं व्हायचं ते वर्षातून दोनदा. निम्म्या पायऱ्यांवर दम लागला. कठड्याला टेकून खाली पाहिलं तर गाव ढगाखाली झोपलेलं होतं आणि एकाच घरातून धूर निघत होता. बराच वेळ तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं मी स्टुलावरून दुसऱ्यांच्या जमिनींच्या चतुःसीमा टाइप केल्या, आपल्या गावाची सीमा आज पाहिली.

पायथ्याशी तातेराव गुरुजी भेटले. निवृत्त मास्तर, वय सहासष्ट, पायात पांढरे बूट. ते बौद्ध आहेत, देवीला जात नाहीत. टेकडीला मात्र खालून रोज फेरी मारतात.

"अकरा वर्षं झाले, फेरी मारून राह्यलो," म्हणाले. "तुमी वर जा, मी खालून फिरतो. उतरले की भेटू."

ठरलं.

२६ जुलै, शुक्रवार

गुडघे. उतरताना असे दुखतात की शेवटच्या दहा पायऱ्या मी कठड्याशी गप्पा मारत उतरतो. गुरुजींना विचारलं, हे व्यायामाने बरं होतं की बिघडतं?

"दोन्ही होतं," ते म्हणाले. "चढताना दम लागतो तो बराबर आहे. उतरताना गुडघा बोलून राह्यला तर त्याचं ऐकायचं. तिरपे उतरा, एका टायमाला एक पायरी. आन् चपला कशाला घालता? बूट घ्या."

मी म्हणालो, बूट घालून कोर्टात गेलो तर पक्षकार मलाच वकील समजतील. ते हसले नाहीत. मास्तर लोकांना विनोद समजावून सांगावा लागतो.

७ ऑगस्ट, बुधवार

झोप. कितीतरी वर्षांनी अशी झोप लागतेय की सकाळी उठल्यावर आपण कोण, कुठल्या गावचे, हे क्षणभर आठवत नाही. पोट साफ होतं. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. काल एका पक्षकाराने तीनदा नाव बदलून सांगितलं तरी मी चिडलो नाही. माझी बायको मीनाच म्हणाली, "तुमी घरात गुणगुणून राह्यले आजकाल."

एकच तक्रार, रात्री तळपायांची आग होते. मुंग्या येतात. मीना खोबरेल चोळून देते.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच निघत होता. पायऱ्या मोजत होतो, पण रोज वेगळ्या भरतात. कधी मध्येच विचार लागतो आणि मी पन्नास पायऱ्या कुठल्या कुठे सोडून वर आलेला असतो. कोण चढलं त्या, मला माहीत नाही. चालण्याचं हेच मला आवडायला लागलंय. अंग त्याच्या वाटेने जातं, आपण आपल्या.

साखर एकशे अठ्ठ्याऐंशी.

९ सप्टेंबर, सोमवार

दोन चांगल्या गोष्टी. साखर एकशे चौतीस. आणि तळपायांची आग थांबली. पूर्ण. पंधरा दिवसांत एकदाही तेल चोळायला लागलं नाही. मुंग्यासुद्धा गेल्या. उलट पाय इतके मऊ, हलके झालेत की चालताना पायाखाली सरकीतून नुकता काढलेला कापूस पसरल्यासारखं वाटतं. फरशीवरून चालतो तरी कापूस. टेकडीच्या दगडांवरही कापूस.

गुरुजींना हे सांगितलं तर ते थांबले. "कापूस म्हंजे? डाक्टरला सांगितलं का?"

बरं वाटतंय हे सांगायला कोणी डॉक्टरकडे जातं का? आज जालन्याची तारीख होती, मॅडमनी तपासायला बोलावलं होतं. साखरेचा कागद इथल्याच लॅबचा आहे. एसटीत अर्धा दिवस घालवायचा कशाला? गेलो नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज मजा झाली. टेकडीवरून घरी आलो, मीना दारात उभी. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "दुसरी चप्पल कुठंय?"

खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली, कधी निसटली, काही पत्ता नाही. तशीच सगळी वाट चालत आलो होतो. मीना म्हणाली, "अवो, चप्पल गेली ते कळलं न्हाई?" मी म्हणालो, माणूस विचारात असला की असं होतं. ऋषीमुनींच्या अंगावर वारुळं वाढायची, माझी तर नुसती चप्पल गेली.

सकाळी गुरुजींची चुकामूक झाली होती; मीनाने फोन केल्यावर त्यांनी ती दुपारी आणून दिली. सतराव्या पायरीवर होती म्हणे. ते त्यासाठी वर चढले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. चप्पल दिली आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "सोमेश्वरराव, एकदा जालन्याला जाऊन या." मी त्यांना चहा पाजला.

२ ऑक्टोबर, बुधवार

उद्या घट बसणार. ठरवलंय, यंदा नऊ दिवस अनवाणी. गावात निम्मे लोक धरतात, मी मात्र कधी धरलं नव्हतं, कारण पायांनी देवीसाठी काही करावं असे माझे पाय कधी नव्हतेच. यंदा आहेत. तिच्याच पायऱ्यांनी मला ते परत दिले. मग त्याच पायांनी, मध्ये चामडं न ठेवता, तिच्याकडे जायला नको?

मीनाला पटलं नाही. "डाक्टरीण बाई काय बोलल्या व्हत्या?"

मी म्हणालो, मॅडम चालण्याबद्दल बोलल्या होत्या. नवरात्राबद्दल काही बोलल्या नव्हत्या.

"कोर्टासमोर बसून बसून तुमी बी तसेच झाले," ती म्हणाली. "आपल्या आबांचं ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

आबांचं ध्यानात आहे म्हणूनच तर चालतोय. हे तिला कसं सांगावं? आबा चालले नाहीत. बसून राहिले. पाय बसणाऱ्याचे जातात. रोज संध्याकाळी तळपाय बघणं मात्र उद्यापासून नऊ दिवस बंद. अनवाणी माणसाचे तळपाय काळेच दिसणार, त्यात बघायचं काय?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी माळ. गर्दी आहे, पण मी पहाटे जातो तेव्हा पायऱ्या रिकाम्या असतात. रात्रीच्या पावसाने दगड ओले होते. गार लागायला हवे होते, लागले नाहीत. दगडाचं आणि माझं काही वैर उरलेलं नाही असं वाटलं.

उपवास आहे. सकाळी गोळी घेतो, मग दुपारपर्यंत नुसतं पाणी. दहाच्या सुमाराला टाइप करताना अक्षरं पाण्यात ठेवल्यासारखी हलतात, कपाळाला घाम येतो, आणि फार गोड वाटतं. आजूबाजूचा आवाज लांब जातो. एका पक्षकाराने केळ दिलं, ते खाल्ल्यावर सगळं पुन्हा जागेवर आलं. मला वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

वर नारळांचा खच. लोक पायरीवरच फोडतात, करवंट्यांचे तुकडे इकडेतिकडे उडालेले असतात. एक पोरगी पायात काहीतरी लागून रडत होती, तिच्या आईने तिला कडेवर घेतलं. मी त्यातून सरळ चालत गेलो. काही झालं नाही. नऊ दिवसांच्या नेमाचं काहीतरी बळ असतंच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो, कारण असं दृश्य पुन्हा दिसेल न दिसेल.

दर्शन घेऊन थोडा बसलो, मग उतरायला लागलो. उजाडत होतं. पायऱ्यांवर कुंकू होतं. एकेका पायरीवर एकेक टिकला, ओला, ताजा. कोणी बाई नवस फेडायला आली असेल, पायरी-पायरीला कुंकू लावत वर गेली असेल. पण सगळ्या पायऱ्यांवर नव्हतं. एक सोडून एक. बिचारीचं कुंकू पुरलं नसेल, म्हणून काटकसर केली असेल. आणि सगळे टिकले उजव्या हाताला, मी जिथून रोज चढतो त्याच बाजूने.

मला भरून आलं. मी त्या टिकल्यांना पाय लागू नये म्हणून डाव्या बाजूने उतरलो, अगदी जपून. मनात ती बाई उभी केली. कुठली असेल, काय मागितलं असेल? मूल, की नवऱ्याचा जीव? देवी तिला देवो, असं म्हणालो. खाली येईपर्यंत डोळे ओले झाले होते. गुरुजी आज आले नव्हते, संभाजीनगरला लेकीकडे गेलेत. नाहीतर त्यांनाही दाखवलं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

अंगात मंद ऊब आहे. ताप नाही म्हणता येणार. अंगणात उन्हात बसल्यावर येते तशी. टेकडी कधी चढलो, कधी उतरलो, धड आठवत नाही. कामावर गेलो नाही. दिवसभर खाटेवर पडून होतो आणि टेकडी माझ्याकडे चालत आली.

मीना म्हणते, घरात कसला तरी वास येतोय, उंदीर मेला असेल. तिने सगळ्या कोठ्या हलवल्या. सापडला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पायथ्याला गुरुजी उभे. काल रात्रीच परतले. मी त्यांच्याकडे चालत गेलो तर ते माझ्या तोंडाकडे बघेनात. माझ्या मागच्या फरशीकडे बघत होते.

"सोमेश्वरराव, खाली बसा."

"का?"

"बसा म्हंतो ना."

मला कठड्यावर बसवून ते स्वतः मातीत बसले आणि माझा उजवा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. सहासष्ट वर्षांचा माणूस, मास्तर, माझा पाय मांडीवर. मी ओढून घ्यायला लागलो. त्यांनी सोडला नाही. करंगळीच्या मुळाशी करवंटीचा तुकडा होता, नखाएवढा. आत गेलेला. त्यांनी तो काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुखलं?"

मी म्हणालो, "काय?"

गुरुजींनी रुमाल बांधला, रिक्षा थांबवली, मीनाला फोन केला.

१३ ऑक्टोबर, रविवार. जालना

दवाखाना. दसरा काल इथेच गेला. मीनाने आपट्याची दोन पानं आणून उशीखाली ठेवली.

सुमेधा मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. पाय खूप वेळ बघितला. मग म्हणाल्या, "काका, तीन महिने चाललात म्हणून पायाला रक्त चांगलं पोचतंय. त्यामुळे पाय वाचवता येईल. पण अनवाणी चाललात, त्यामुळे करंगळी वाचणार नाही. दोन्ही वहीत लिहा."

लिहिलं.

मग म्हणाल्या, एक तपासणी राहिली. गळाला बांधतात तसा नायलॉनचा बारीक दोरा त्यांच्या हातात होता. आधी माझ्या हाताच्या पाठीवर टेकवून दाखवला. टोचलं, पण किंचित. "आता डोळे मिटा. पायाला लागलं की 'हो' म्हणायचं. दोन्ही पाय बघायचेत."

मी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट घरी फोन करून शेळीचं विचारत होता. पंखा फिरत होता. मला बरं वाटत होतं, मी नीट लक्ष देऊन वाट बघत होतो. बराच वेळ गेला. त्यांना दुसरं काम लागलं असावं म्हणून मी म्हणालो, "मॅडम, करा सुरू."

त्या म्हणाल्या, "झालं, काका. डोळे उघडा."

मीना खाटेच्या कडेला उभी होती. तिने सगळं बघितलं होतं.

संध्याकाळी मला त्या पायऱ्या आठवल्या. एक सोडून एक. कोणी बाई आलीच नव्हती. याहून जास्त आज लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार. जालना

काल करंगळी काढली. मॅडम म्हणाल्या, मागे वाढत जाण्यासारखं काही दिसत नाही, पण पुढचे काही दिवस लक्ष ठेवावं लागेल. आबांचंही आधी बोटच गेलं होतं. हे मी मीनाला सांगितलं नाही. तिला माहीतच आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार. अंबड

घरी. जखम भरून येतेय. पाय राहिला. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं.

चालणं अजून सहा आठवडे बंद. नुसतं बसवत नाही. गुरुजींनी खुर्चीतला व्यायाम शिकवलाय. पाण्याच्या दोन बाटल्या भरून हातात घ्यायच्या आणि वर-खाली करायच्या. ते समोर बसून मोजतात, वीसच्या पुढे जाऊ देत नाहीत. "हौस आली की तुमी ऐकत न्हाई," म्हणतात. त्यांचा विश्वास उडालाय माझ्यावरचा. त्यांचं चुकत नाही.

मीना रोज संध्याकाळी तळपाय बघते. उजेडात बसवते, चष्मा लावते, बोटांच्या मधला भागसुद्धा सोडत नाही. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे इतक्या जवळून कधी बघत बसली नव्हती. मी तिच्या केसांतल्या भांगाकडे बघत राहतो. मॅडम म्हणाल्या, गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. बहुतेक म्हणाल्या. कधीच नाही, असं म्हणाल्या नाहीत. तीस वर्षं शब्द टाइप केलेत, दोन्हींतला फरक मला कळतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज मीच म्हणालो, घरीच तपासणी करू. मॅडमनी केली तशी. केरसुणीची एक बारीक काडी निवडली, टोक नीट आहे का बघितलं आणि मीनासाठी खिडकीत ठेवली. ती म्हणाली, "कशाला? उगं जिवाला लावून घेता." मी म्हणालो, दहा वेळा टेकव, कुठे ते सांगू नको.

डोळे मिटले. या वेळी कान बंद केल्यासारखा सगळा जीव पायात नेला. पाय मला लांब वाटतात, नदीच्या दुसऱ्या काठावर असल्यासारखे. तरी मी तिथवर गेलो. आणि एकदम वाटलं, टाचेला, डावीकडे.

"आत्ता," मी म्हणालो. "टाच."

मग मीना म्हणाली, "बराबर."

मला हसूच आलं. पुन्हा लक्ष दिलं. अंगठा म्हणालो, ती म्हणाली बराबर. मध्ये दोनदा चुकलो. मग परत टाच, आणि शेवटी तळव्याचा मध्य. दहात चार. तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. मी म्हणालो, रडतेस कशाला, चार म्हणजे कमी आहेत का? ती म्हणाली, "लई झाले."

डोळे उघडले तर तिचे दोन्ही हात पदरात होते. काडी खिडकीत मी ठेवली तशीच होती. तिने दुसरी घेतली असेल. उद्या गुरुजींना सांगायचं, चार. पुढच्या महिन्यात मॅडमना सांगायचं.

मग तिने दवाखान्यातून दिलेल्या नव्या मऊ चपला आणल्या, मागून पट्टा असलेल्या. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मी घालते." खाली बसून तिने दोन्ही पट्टे लावले.

"घट्ट होत न्हाई ना?"

"बिलकुल नाही," मी म्हणालो. "बरोबर आहेत."

तरी तिने पट्ट्याखाली आपलं बोट घालून बघितलं, आणि उजवा थोडा सैल केला.